चित्रकार धुरंधर आणि चित्रांचा पेशा

छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे एक चित्र बहुतेक मराठी माणसांनी पाहिलेले असते. सिंहासनावर महाराज, दुतर्फा मानकरी, आणि त्या दाटीत अदबीने वाकलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन. शंभराहून अधिक माणसे त्या एका चित्रात आहेत. पण केवळ जागा भरण्यासाठी उभा केला आहे असा त्यात एकही माणूस सापडत नाही. पुस्तकांत, दिनदर्शिकांवर, कचेऱ्यांच्या भिंतींवर हे चित्र कित्येक पिढ्या पाहत आली आहेत. चित्रकाराचे नाव विचारले तर मात्र दहांतले नऊ जण गप्प राहतील. ते नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझ्या मनात हेच नाव आले. त्याचे कारणही सांगितले पाहिजे.

आपले पालक गलाईच्या व्यवसायासाठी विटा-आटपाडीकडून इकडे आलेले, रेल्वेत किंवा हवाई दलात नोकरी करणारे, अलीकडे संगणक कंपन्यांतले. दहावीच्या सुमारास त्यांच्यापैकी कुणी ना कुणी आपल्या मुलाची किंवा मुलीची चित्रवही घेऊन भेटायला येतात. मुलीचा हात चांगला आहे, तिला पुस्तकांची चित्रे काढायची आहेत, पण त्यावर पोट भरेल काय, हा त्यांचा प्रश्न असतो. तो पूर्वीपासूनचा आहे. गेल्या काही वर्षांत त्याला एक नवी धार आली आहे. आता चित्रे यंत्रच काढते, मग माणसाला कोण विचारणार, असे पालक म्हणतात, आणि मुलेही म्हणू लागली आहेत. या प्रश्नाला घाईने उत्तर देण्यापेक्षा, ज्याने हा पेशा आपल्या डोळ्यांदेखत दोनतीनदा उलथापालथा होताना पाहिला आणि तरी हातातली पेन्सिल खाली ठेवली नाही, अशा एका माणसाचे आयुष्य पाहावे असे मला वाटले.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. पाठारे प्रभू ही मूळची मुंबईची ज्ञाती. धुरंधरांचे घर मात्र कोल्हापुरात होते. त्या काळच्या कोल्हापुरात चित्रकला ही काही परकी गोष्ट नव्हती. मुंबईच्या कलाशाळेत शिकून परतलेले आबालाल रहिमान तेथे होते, आणि एक मनुष्य आयुष्यभर केवळ चित्रेच काढत राहू शकतो हे गावाला दिसत होते. त्याचबरोबर असा मनुष्य संस्थानिकाच्या आश्रयावाचून जगू शकत नाही, हेही दिसत होते. सुशिक्षित घरातल्या मुलाने मॅट्रिक होऊन कारकुनी, वकिली किंवा मास्तरकी धरावी ही रीत होती. महादेवाने जानेवारी १८९० मध्ये मुंबईला जाऊन सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत नाव घातले.

ही शाळा १८५७ मध्ये सर जमशेटजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिली होती. आपल्या मद्रासची कलाशाळा तिच्याहून जुनी, डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी ती १८५० मध्ये सुरू केली. या शाळा सरकारने थोर चित्रकार घडविण्यासाठी चालविल्या नव्हत्या. कारागिरांचे हात सुधारावेत, नकाशे-आराखडे काढणारी माणसे मिळावीत, हायस्कुलांना ड्रॉइंग मास्तर मिळावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. धुरंधर दाखल झाले तेव्हा प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. त्यांच्या हाताखाली दगडी पुतळ्यावरून, मग जिवंत माणसावरून रेखाटन करण्याची जी कडक शिस्त लागली, ती धुरंधरांच्या अंगी कायमची मुरली. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. काही वर्षांतच ते त्याच संस्थेत शिक्षक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

अर्थात पदकाने घर चालत नाही. कलाशाळेतून बाहेर पडणाऱ्या मराठी तरुणापुढे तेव्हा काय वाटा होत्या? हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर व्हावे. संस्थानिकांची आणि शेटसावकारांची तैलचित्रे करावीत. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवावेत. फोटोग्राफरच्या दुकानात बसून छायाचित्रांवर रंग चढवावा. नाहीतर छापखान्यासाठी चित्रे काढावीत. ही शेवटची वाट नवी होती आणि तिच्या उगमाशी आपल्याच मुलखातला एक मराठी माणूस उभा होता, हे येथे सांगितलेच पाहिजे.

सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. घर तंजावरी मराठी. मद्रासेत शिकून ते त्रावणकोरचे, पुढे इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. राजा रविवर्म्यांना १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, त्यानंतर त्यांच्या चित्रांना देशभरातून एवढी मागणी आली की दोन हात तिला पुरे पडेनात. चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढवाव्यात म्हणजे ती सर्वांपर्यंत पोहोचतील, असा सल्ला रविवर्म्यांना माधवरावांनी दिला. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा छापखाना सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला या घराघरांत पोहोचल्या त्या तेथून. आज तंजावरचे मराठी म्हटले की आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. देवघरातल्या छापील लक्ष्मीशीही त्यांचा संबंध आहे हे सहसा ध्यानात येत नाही.

हा शिळाछापाचा उद्योग कसा चाले ते समजून घेतले तर धुरंधरांच्या काळची अस्थिरता नीट कळेल. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र काढावयाचे. पाणी आणि तेल एकत्र येत नाहीत या साध्या गुणावर सारी छपाई अवलंबून. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. एका चित्राला अनेक शिळा लागत, आणि मूळ चित्र रंगारंगाने वेगळे करून शिळांवर उतरविणारे कुशल कारागीर लागत. त्यांचे नाव चित्राखाली कधी आले नाही. मग छायाचित्रावर आधारलेले हाफटोन ठसे आले. मूळ चित्राचा काचेच्या बारीक जाळीतून फोटो घेतला की त्याचे लहानमोठे ठिपके होतात. ते ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरले की ठसा तयार. तो अक्षरांच्या खिळ्यांबरोबरच यंत्रावर चढविता येई. कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायांनी या तंत्रात असामान्य प्रावीण्य मिळविले. लाकडावर चित्रे खोदणारे आणि शिळेवर चित्रे उतरविणारे कारागीर मात्र एकेक करून मागे पडले. त्यांचे पुढे काय झाले, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. चित्रांच्या इतिहासातला हा भाग मला नेहमी अस्वस्थ करतो.

याच उलथापालथीत दादासाहेब फाळके सापडले होते. कलाशाळेत शिकलेला, छायाचित्रण येणारा, रविवर्मा छापखान्यात काम केलेला, स्वतःचा ठशांचा कारखाना काढलेला हा माणूस शेवटी छपाईच सोडून चलच्चित्राकडे वळला आणि १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. एका वाटेचा शेवट दिसताच दुसरी वाट स्वतः खणणारी माणसे असतात. धुरंधर त्या जातीचे नव्हते. ते सावध होते. त्यांनी सरकारी कलाशाळेतली नोकरी घट्ट धरून ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशी, बाहेरची कामे केली. त्यांच्या चरित्रातली सर्वांत अनाकर्षक, पण पालकांनी सर्वांत काळजीपूर्वक वाचावी अशी गोष्ट हीच आहे. भारतात चित्रकार म्हणून एवढे नाव झालेला, ज्याची चित्रे हजारोंनी छापली जात होती असा हा माणूस केवळ छापील चित्रांच्या उत्पन्नावर कधीच विसंबला नाही.

संसारातही त्यांना धक्के बसले. प्लेगने मुंबई ओस पडत होती त्या काळात त्यांच्या पहिल्या पत्नी बापूबाई वारल्या. पुढे गंगूबाईंशी विवाह झाला. १९१२ मध्ये जन्मलेली त्यांची कन्या अंबिका पुढे स्वतः चित्रकार झाली. तिच्याविषयी नंतर लिहिते.

बाहेरची कामे म्हणजे काय काय? यादी पाहिली तर थक्क व्हायला होते. पौराणिक चित्रे, जाहिराती, मासिकांतील कथाचित्रे, पुस्तकांची चित्रे, आणि पोस्टकार्डे. विसाव्या शतकाच्या आरंभी सचित्र पोस्टकार्डांचे वेड जगभर पसरले होते. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे त्या कार्डांवर आणली, आणि तीही थोड्या मिश्कीलपणे. एवढ्याशा कार्डावर माणसाचा पोशाख, धंदा, स्वभाव आणि त्याची त्या दिवशीची मनःस्थिती एवढे सगळे मावे. आजच्या भाषेत हे फुटकळ काम. पण ज्याने अशी फुटकळ कामे मनापासून केली त्यालाच शंभर माणसांचा राज्याभिषेक रंगविता आला, असे माझे मत आहे. त्या दरबारातला प्रत्येक चेहरा वेगळा आहे, कारण चित्रकाराच्या रेखाटनवह्यांत तितके चेहरे आधीच जमा झालेले होते. वही बरोबर बाळगून दिसेल ते टिपून ठेवण्याची सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

१९१२ मध्ये एस. एम. एडवर्ड्‌स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. एडवर्ड्‌स हे तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त होते. साहेबाला शहराची आडवाटेची माहिती असणे स्वाभाविक. पण ते शहर वाचकाला दाखविण्यासाठी धुरंधरांची रेखाटने लागली. दोन वर्षांनी सी. ए. किंकेड यांनी दख्खनच्या गोष्टींचे इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध केले. या गोष्टी म्हणजे आपल्या श्रावणातल्या कहाण्या: आदित्यराणूबाईची, सोमवारची, दिव्याच्या अवसेची, सोमा धोबिणीची. घरातल्या आजीने हातात तांदूळ देऊन ऐकवायच्या या कहाण्या, त्यांना चित्रे कशी असणार? ऐकणाऱ्याने ती मनातच काढायची. धुरंधरांनी त्यांना चेहरे दिले, नऊवारी नेसविली, अंगणात तुळस ठेवली. विलायतेतल्या मुलांसाठी काढलेल्या त्या पुस्तकात मराठी घर मराठी घरासारखे दिसते. नुसत्या वर्णनावरून काढणाऱ्या परदेशी चित्रकाराच्या हातून पदर नेमका कुठून कुठे जातो हे चुकलेच असते.

त्यानंतर ऑटो रोथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांवरचे पुस्तक मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाने काढले. धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे त्यात आहेत. निरनिराळ्या प्रांतांतल्या, जातींतल्या, व्यवसायांतल्या स्त्रिया. आज ते पुस्तक वाचताना काही ठिकाणी मन खट्टू होते. राज्य करणाऱ्या अधिकाऱ्याची नजर त्या मजकुरात आहे. स्त्रियांचे नमुने मांडून ठेवावेत तशी मांडणी आहे. चित्रे मात्र मजकुराहून बरी आहेत. त्यांतली बाई नमुना म्हणून उभी राहत नाही, आपल्या कामाला निघालेली असते.

या पुस्तकाकडे पाहताना एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात भारतातील लोकांची ओळख करून देणारा आठ खंडांचा ग्रंथ काढला होता, तो संपूर्ण छायाचित्रांचा. म्हणजे हातांनी माणसे काढण्याचे दिवस संपले असे म्हणायला तेव्हाच आधार होता. मग अर्ध्या शतकानंतर प्रकाशक पुन्हा चित्रकाराकडे का आला? पहिले कारण रंग. कॅमेऱ्याला तेव्हा रंग सहजी येत नव्हते आणि साडीवाचून भारतीय स्त्री काळ्या-पांढऱ्यात दाखविणे म्हणजे अर्धेच दाखविणे. दुसरे कारण, कॅमेऱ्यासमोर माणूस ताठरतो. धुरंधरांच्या वहीसमोर त्याला आपण टिपले जात आहोत हे कळतही नसे. तिसरे, जे आता नाही ते कॅमेरा दाखवू शकत नाही. रायगडावरचा दरबार कोणत्याही भिंगातून दिसणार नव्हता. आणि गंमत अशी, की हाताने काढलेली ही अठ्ठेचाळीस चित्रे छापली गेली ती छायाचित्रणातूनच निघालेल्या ठशांनी. ज्या तंत्राने शिळेवरच्या कारागिराचे काम काढून घेतले, त्याच तंत्राने चित्रकाराची जलरंगातली नाजूक छटा वाचकापर्यंत नेली.

मासिकांचे दिवसही भरभराटीचे होते, पण त्या भरभराटीचा भरवसा नव्हता. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी चित्रकाराला वर्षातून एकदा हमखास काम देणारी एक परंपरा सुरू झाली. १९१६ मध्ये हाजी महंमद अलारखिया शिवजी यांनी मुंबईतून ‘वीसमी सदी’ हे गुजराती मासिक सुरू केले. त्यांना चित्रांचा विलक्षण शौक. धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी रविशंकर रावळ यांनी त्यात चित्रे काढली. संपादकाने छपाईवर पदरचा पैसा पाण्यासारखा ओतला, आणि १९२१ च्या सुमारास संपादकही गेले व मासिकही गेले. एका माणसाच्या हौसेवर उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर संपते. धुरंधरांची नोकरी शाबूत होती म्हणून त्यांना ते सोसले. रावळांनी अहमदाबादेत १९२४ मध्ये स्वतःचे ‘कुमार’ मासिक काढले.

असेच काहीसे आपल्या चेन्नईत घडले, ते आपल्या पालकांच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले आहे. ज्या ‘चांदोबा’वर महाराष्ट्रातली मुले वाढली तो मद्रासचा. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये ‘चंदामामा’ तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केला, १९५२ मध्ये तो मराठीत आला, आणि वडपळनीतून घरोघर गेला. झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून निघालेला विक्रम राजा ज्यांनी काढला, ते शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन, याच मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले. त्यांनी एका मासिकात दशकानुदशके महिन्याच्या पगारावर चित्रे काढली. विठ्ठलाच्या गावातली मुले वडपळनीच्या चित्रकारांनी काढलेल्या राजवाड्यांतून हिंडत होती, याची ना त्या मुलांना कल्पना होती, ना कदाचित त्या चित्रकारांना. ‘कल्की’ साप्ताहिकात १९५० पासून ‘पोन्नियिन सेल्वन’ येऊ लागले तेव्हा मणियम यांची चित्रे पाहण्यासाठी तमिळ घरांत अंकाची वाट पाहिली जाई. ‘चंदामामा’ही गेल्या दशकात बंद पडला. शंकर २०२० मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास वारले.

आता आजचा प्रश्न. २०२२ च्या सुमारास, शब्दांत वर्णन लिहिले की क्षणात चित्र काढून देणारी संगणकीय साधने सर्वांच्या हाती आली. कॅमेरा आला तेव्हाही चित्रकला टिकली, मग आताही टिकेल, अशी समजूत घालणे सोपे आहे. मी ती घालणार नाही, कारण दोन गोष्टी सारख्या नाहीत. कॅमेऱ्याला समोर काहीतरी असावे लागे. जे नाही ते दाखविण्याचे काम चित्रकाराकडेच राहिले होते, आणि धुरंधरांचे अर्धे आयुष्य त्यावर गेले. नवे यंत्र नसलेलेच दाखविते. शिवाय ते शिकले आहे ते माणसांनी काढलेल्या असंख्य चित्रांवरून, आणि त्या माणसांना बहुधा कुणी विचारलेले नाही. शिळेवर चित्र उतरविणाऱ्या निनावी कारागिरांची मला पुन्हा आठवण होते. यावेळी त्यांच्या जागी नावाजलेले हातही असू शकतील.

म्हणून चित्रवही घेऊन येणाऱ्या पालकांना मी नाही म्हणत नाही आणि हुरळूनही जाऊ देत नाही. मुलीला शिकू द्या, पण चांगल्या संस्थेत, शिस्तीने, जिवंत माणसावरून रेखाटन करायला लागेल अशा ठिकाणी. त्याच्या जोडीला शिकविण्याची, छपाईची, मांडणीची, संगणकावरच्या कामाची अशी एक बाजू बळकट असू द्या. ही तडजोड आहे असे काही जण म्हणतील. असू दे. रावबहादूर धुरंधरांनी ती केली आणि त्यांच्या रेषेला त्यामुळे काही कमीपणा आला असे मला तरी दिसत नाही. उलट, पोटाची चिंता नसल्यामुळे नको ते काम नाकारण्याची मोकळीक त्यांना असली पाहिजे, असे वाटते.

रावबहादूर हा किताब त्यांना सरकारने दिला होता. नवी दिल्ली वसत होती तेव्हा सचिवालयाच्या भिंती रंगविण्याच्या कामात मुंबईच्या कलाशाळेला वाटा मिळाला, आणि कायदा सदस्यांच्या दालनातील न्यायदानाची चित्रे धुरंधरांनी केली. तोवर त्यांनी साठी ओलांडली होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि चित्रांचे जाणते संग्राहक. त्यांच्यासाठीही धुरंधरांनी ऐतिहासिक चित्रे काढली, आणि औंधच्या संग्रहालयात जाणाऱ्याला त्यांचे काम आजही पाहता येते. निवृत्तीच्या अगोदर काही काळ कलाशाळेचे प्रमुखपद त्यांनी हंगामी म्हणून सांभाळले. गोऱ्या प्राचार्यांच्या परंपरेत एका कोल्हापूरच्या माणसाच्या वाट्याला ते आले, तेही अखेरीस आणि थोडक्या दिवसांसाठी.

३१ जानेवारी १९३१ रोजी ते निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून आत आले त्या दिवसापासून मोजली तर एक्केचाळीस वर्षे. त्या वर्षांची हकीकत त्यांनी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ या नावाने लिहिली आणि ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीत चित्रकाराने लिहिलेली आत्मकथने फार थोडी आहेत. त्यांत हे पुस्तक नेहमी वरच्या जागी राहील. प्राचार्य कसे वागले, प्रदर्शने कशी भरली, कामे कशी मिळाली, हे त्यात नोंदवहीच्या काटेकोरपणाने आले आहे. आपल्या शिक्षक वाचकांनी ते मिळवून वाचावे. त्यात कलेविषयी मोठे सिद्धांत नाहीत, आणि मला तेच आवडते.

त्यांच्या उत्तरायुष्यात कलेची हवा मात्र बदलली होती. बंगालच्या कलावंतांनी पाश्चात्त्य वास्तवदर्शी शैलीला कधीच विरोध सुरू केला होता. पुढे मुंबईतही नवे तरुण वेगळ्या दिशेने निघाले. धुरंधरांच्या चित्रांवर, ती गोष्ट सांगणारी चित्रे आहेत, पुस्तकात शोभणारी आहेत, असा शिक्का बसला. पुस्तकाचा चित्रकार म्हणजे दुय्यम चित्रकार, ही समजूत तेव्हापासूनची. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा गोमंतकीयांनी पुढच्या पिढीत दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि दिनदर्शिका यांवर सारा मराठी समाज मोहून टाकला. त्यांनाही हा शिक्का चुकला नाही. लोकांना आवडलेले चित्र हे त्याच कारणासाठी कमी दर्जाचे ठरविण्याची ही सवय आपल्याकडे फार दिवस टिकली.

१ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. मागे राहिली ती हजारो चित्रे, रेखाटनवह्या आणि कागदपत्रे. त्यांचे काय व्हायचे? छापण्यासाठी काढलेली मूळ चित्रे सहसा टिकत नाहीत. ठसा झाला की कागदाचे काम संपते. छापखान्यात तो पडून राहतो, वाळवी लागते, कुणी रद्दीत देतो. आपल्या कितीतरी चित्रकारांची मूळ चित्रे अशीच गेली. धुरंधरांची वाचली, त्याचे मोठे श्रेय अंबिकाबाईंना आहे. त्या वडिलांच्याच कलाशाळेत शिकल्या, स्वतः चित्रे काढीत राहिल्या, प्रदर्शने केली, आणि वडिलांचा हा पसारा त्यांनी आयुष्यभर सांभाळला. दीर्घ आयुष्य लाभून त्या २००९ मध्ये गेल्या. एवढी वर्षे मुंबईच्या दमट हवेत कागद जपणे म्हणजे काय, हे समुद्रकाठी राहणाऱ्या आपल्याला निराळे सांगायला नको.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. चित्रकार सुहास बहुळकर यांनी त्याची मांडणी केली होती. तेथे तैलचित्रांच्या शेजारी छोटी रेखाटने, पुस्तकांसाठी केलेली चित्रे आणि पोस्टकार्डेही लोकांनी थांबून थांबून पाहिली.